शिलाई मशीनवर निवडून आलेला आमदार

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत चिन्हांचा बाजार भरतो. नारळ, शिट्टी, कपबशी, गॅस सिलिंडर, बॅट. ज्या वस्तू घरात रोज हाताळतो त्याच भिंतीवर रंगवलेल्या दिसू लागतात. पक्षांची चिन्हे पोरासोरांनाही पाठ असतात. बाकीची चिन्हे असतात ती बहुतेक अपक्षांची. त्यांच्याकडे पाहून घरातली वडीलधारी मंडळी हसतात आणि म्हणतात, "हा उभा राहिला आहे खरा, पण कोणासाठी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून आज शेजारच्या गुजरातेतील एका अपक्षाची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत. त्याचे चिन्ह होते शिलाई मशीन. आपल्या कितीतरी भगिनी ज्या मशीनवर ब्लाऊज शिवून, फॉल-बिडिंग करून घर चालवतात, तेच हे मशीन. डिसेंबर २०१७ मध्ये बनासकांठा जिल्ह्यातील वडगाम या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघातून जिग्नेश मेवाणी या चिन्हावर निवडून आले. त्यांना ९५,४९७ मते मिळाली, तर भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराला ७५,८०१. म्हणजे १९,६९६ मतांनी विजय. गुजरात विधानसभेच्या १८२ जागांपैकी त्या वेळी फक्त ३ जागांवर अपक्ष आले. त्यांतले हे एक.

हा विजय कसा झाला आणि पुढे त्याचे काय झाले, हे आपल्या घरांतून नीट समजून घेतले पाहिजे. कारण अपक्ष आपल्याही दारात येतात.

उनापासून सुरुवात

वडगामची गोष्ट वडगाममध्ये सुरू झाली नाही. ती सुरू झाली तिथून खूप दूर, सौराष्ट्रात. ११ जुलै २०१६ रोजी उना तालुक्यातील मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या एका दलित कुटुंबातील लोकांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी मारहाण केली. चौघांना उना गावात नेऊन, गाडीला बांधून, भर रस्त्यात फटके मारले. मारणाऱ्यांनीच त्याची चित्रफीत काढली आणि ती देशभर फिरली.

त्यानंतर गुजरातेतील दलित समाज जसा उठला, तसा तो कित्येक वर्षांत उठला नव्हता. सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली. 'तुमची माता आहे ना, मग तुम्हीच उचला' असा त्याचा अर्थ. मेलेली जनावरे ओढणार नाही, अशा शपथा घेतल्या गेल्या. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आजोबा-पणजोबांना हेच सांगितले होते. महाराष्ट्रातील आपल्या समाजाने ते ऐकले आणि किती सोसून ते पाळले, हे आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांकडून अनेकांनी ऐकले असेल.

५ ऑगस्ट २०१६ रोजी अहमदाबादहून निघालेला दलित अस्मिता मोर्चा गावोगाव सभा घेत १५ ऑगस्टला उना येथे पोचला. तिथे रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्या हस्ते झेंडावंदन झाले. या मोर्च्याचे पुढारपण करणाऱ्यांत मेवाणी होते. अहमदाबादेत वाढलेला, मुंबईत काही काळ गुजराती नियतकालिकात पत्रकारी केलेला आणि पुढे वकील झालेला हा तरुण. दलितांना सरकारने कागदावर दिलेली पण प्रत्यक्ष ताब्यात न मिळालेली जमीन, हा त्यांचा बऱ्याच वर्षांचा विषय होता. म्हणून मोर्च्याची मुख्य घोषणा रडगाण्याची नव्हती. 'गाईचे शेपूट तुम्ही ठेवा, आमची जमीन आम्हांला द्या', अशी ती होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ज्यांना आठवतो, त्यांना ही मागणी नवी वाटणार नाही.

उमेदवारी अर्ज भरण्याआधी या माणसाच्या पाठीशी सव्वा वर्षाची चळवळ उभी होती. हे ध्यानात ठेवावे. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

राखीव जागेचे जुने दुखणे

चळवळीतला माणूस निवडणुकीला उभा राहतो म्हटले की पहिला प्रश्न येतो, कोणत्या पक्षाकडून? राखीव जागेवर तर हा प्रश्न अधिकच टोचतो, आणि त्याचे कारण १९३२ सालापर्यंत मागे जाते.

बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडून यावा, म्हणजे तो आपल्याला जबाबदार राहील, हा त्यामागचा साधा विचार. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. उमेदवार आपल्या समाजाचा, पण त्याला निवडणार सगळे. त्यामुळे मोठ्या पक्षांना पसंत पडेल असा, मान खाली घालून चालणारा माणूस राखीव जागेवर सहज निवडून येतो आणि ताठ मानेचा माणूस पडतो, ही तक्रार बाबासाहेबांनी पुढे अनेकदा मांडली. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर खुद्द घटनेच्या शिल्पकाराचा काँग्रेसच्या उमेदवाराने पराभव केला. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पक्षाच्या तिकिटावर आलेला आमदार पक्षाच्या आदेशाने बांधलेला असतो. सभागृहात पक्षाने व्हीप काढला की हात तसाच वर करावा लागतो. नाही केला तर आमदारकी जाऊ शकते. आपल्या वस्तीवर बुलडोझर आला, आपल्या मुलांची शिष्यवृत्ती अडली, आणि पक्ष म्हणाला 'गप्प बसा', तर तो काय करील? अपक्षाला व्हीप नसतो. त्याचे तोंड मोकळे असते. वडगामच्या उमेदवारीतले मोल हेच होते. राखीव जागेवर चळवळीचा माणूस आपल्या तोंडाने बोलायला विधानसभेत जाऊ शकतो का, याची ती परीक्षा होती.

दहा सह्या आणि एक मोकळे चिन्ह

अपक्षाने उभे राहणे म्हणजे काय, हेही आपल्या घरांना माहीत असावे.

विधानसभेसाठी वय २५ पूर्ण हवे आणि त्या राज्याच्या मतदारयादीत नाव हवे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, त्यामुळे योग्य दाखला असलेला बौद्ध उमेदवार राखीव जागा लढवू शकतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावर एका सूचकाची सही पुरते. अपक्षाला त्याच मतदारसंघातील १० मतदारांच्या सह्या लागतात. अनामत रक्कम विधानसभेसाठी १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते.

पूर्वी हे इतके कडक नव्हते. १९९६ साली तामिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात आपल्या गाऱ्हाण्यांकडे लक्ष वेधावे म्हणून शेतकऱ्यांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि तब्बल १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पुस्तक छापावे लागले. त्याच वर्षी कायदा बदलला, अनामत वाढली आणि दहा सूचकांची अट आली.

कायद्याच्या दृष्टीने अपक्ष हा पंक्तीतला शेवटचा माणूस. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावे, मग नोंदणी झालेल्या इतर पक्षांची आणि तळाशी अपक्षांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारयादी फुकट मिळते, अपक्षाला ती विकत घ्यावी लागते. मतदानापूर्वी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तर मतदान पुढे ढकलतात. अपक्ष वारला तर १९९६ नंतर निवडणूक थांबत नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. २०१७ साली ती २८ लाख होती, २०२२ पासून मोठ्या राज्यांत ४० लाख झाली. पण पक्षाने स्वतः करायच्या प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. अपक्षाच्या मागे असा पक्ष कुठून येणार?

आणि चिन्ह? अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच ते हाती येते. वडगामला उमेदवारीचा निर्णय झाला तोच अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, २७ नोव्हेंबरला. मतदान होते १४ डिसेंबरला. म्हणजे शिलाई मशीन घरोघर पोचवायला जेमतेम दोन आठवडे. पक्षाचे चिन्ह पन्नास वर्षे डोळ्यांपुढे असते. अपक्षाला ते पंधरा दिवसांत म्हाताऱ्या आजीच्या लक्षात आणून द्यावे लागते. पैशासाठी मेवाणींनी लोकांपुढे झोळी पसरली. कोणी थोडे दिले, कोणी जास्त; लेखिका अरुंधती रॉय यांनी ३ लाख रुपये दिल्याचे जाहीर झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुण पोरे प्रचाराला आली.

एकटा निवडून आला का?

आता खरी गोष्ट सांगितली पाहिजे. नुसत्या जयजयकाराने समाजाचे भले होत नाही.

वडगामची जागा त्या वेळी काँग्रेसकडे होती. काँग्रेसने आपल्या विद्यमान आमदाराला तिथून हलवून इडरला उभे केले आणि वडगामला उमेदवार दिला नाही. आम आदमी पक्षानेही दिला नाही. म्हणून लढत मुख्यतः समोरासमोर झाली. राखीव जागा असली तरी दलित मते थोडी. नुसत्या त्यांच्यावर तिथे कोणी निवडून येत नाही. मुस्लिम मतदार तिथे मोठ्या संख्येने आहेत, शेतकरी आणि इतर मागास जातीही आहेत. मेवाणींनी सर्वांकडे मते मागितली. जमीन आणि रोजगार हे सगळ्या गरिबांचे प्रश्न म्हणून मांडले. ९५ हजार मते ही अशी सर्व बाजूंनी आलेली मते होती.

तेव्हा 'अपक्ष' हा शब्द फसवा आहे. मेवाणी पक्षाशिवाय उभे होते, एकटे नव्हते. त्यांच्यामागे चळवळ होती, जागा सोडणारा एक मोठा पक्ष होता आणि शेजारच्या समाजांशी जोडलेले नाते होते. यांतले एक जरी नसते, तर अनामत वाचली असती की नाही, सांगता येत नाही. बाबासाहेबांनीही एकट्याने लढण्यावर भर दिला नाही. १९३७ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि त्यात कामगार, शेतकरी, इतर जातींची माणसे घेतली. संघटना हवी, आणि ती आपल्या हातात हवी, हाच त्यांचा धडा होता.

निवडून आल्यावर

निकाल लागला १८ डिसेंबर २०१७ रोजी. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, हे नवे आमदार पुण्याला शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेत व्यासपीठावर होते. भीमा कोरेगावच्या दोनशेव्या वर्षानिमित्त आलेल्या आपल्यातील कित्येकांनी त्यांना तिथे पाहिले असेल. एप्रिल २०१८ मध्ये उनाच्या त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मार खाल्लेल्या त्या माणसांनी आपली वाट स्वतः निवडली, याचा आम्हांला आमदारकीइतकाच अभिमान वाटला.

पण विधानसभेत एक माणूस म्हणजे एक माणूस. वेळ पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटली जाते आणि एकट्याच्या वाट्याला थोडी येते. बाहेर मात्र त्यांचा आवाज मोठा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांविषयीच्या एका ट्विटवरून आसामच्या पोलिसांनी गुजरातेत येऊन त्यांना अटक केली आणि पुढे न्यायालयाने जामीन दिला. मोकळ्या तोंडाची किंमत ही अशी मोजावी लागते.

आणखी एक अडचण कायद्याची होती. १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले, तो पक्षांतरबंदीचा कायदा. त्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर कोणत्याही पक्षात सामील झाला, तर त्याची आमदारकी जाते. मतदाराने ज्याला अपक्ष म्हणून निवडले, त्याने अपक्षच राहावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये मेवाणी काँग्रेसच्या व्यासपीठावर गेले खरे, पण त्यांनी पक्षाचे सभासदत्व घेतले नाही. पुढची निवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढू, असे जाहीर केले. तसेच झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ते वडगामहून पुन्हा निवडून आले, या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. समोर भाजपच्या तिकिटावर कोण उभे होते? ज्यांनी २०१७ साली त्यांच्यासाठी वडगाम सोडले होते, तेच काँग्रेसचे माजी आमदार. या खेपेस मताधिक्य फक्त ४,९२८ उरले.

कोणी म्हणेल, शेवटी पक्षातच गेले ना? आम्ही याला विश्वासघात म्हणणार नाही. पाच वर्षे ते कायद्याने अपक्ष राहिले आणि पुढे जायचे कुठे, हे मतदारांना आधी सांगून गेले. पण शिलाई मशीन विधानसभेत एकदाच गेले, हेही खरे. आपल्या मालकीची संघटना मागे नसली की चांगल्या माणसालाही दुसऱ्याचे छप्पर शोधावे लागते.

आपल्याकडचे अपक्ष

महाराष्ट्रात अपक्षांचा सुकाळ झाला तो १९९५ साली. २८८ पैकी ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले बरेचसे तिकीट न मिळाल्याने रागावलेले काँग्रेसवाले होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजपचे सरकार उभे राहिले आणि काहींना मंत्रिपदेही मिळाली. ज्यांनी त्यांना मते दिली, त्यांना कोणी विचारले होते? हा झाला बंडखोर अपक्ष.

दुसरा प्रकार नावाचा. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार तिथे होते, त्यांना ९,८४९ मते पडली. नाव पाहिले, बटन दाबले, असा हा प्रकार. पुढे २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो येऊ लागला, तो अशा गोंधळावरचाच उपाय.

तिसरा प्रकार आपल्या वस्तीला चांगला ठाऊक आहे. मते फोडण्यासाठी कोणीतरी पैसे देऊन उभा केलेला. त्याला निवडून यायचेच नसते. आपली पाचशे-हजार मते इकडची तिकडे झाली की त्याचे काम झाले. एका गटाचा एक, दुसऱ्या गटाचा दुसरा, असे आपलेच चार अपक्ष एकमेकांसमोर उभे राहतात आणि निकालादिवशी चौघांची अनामत जप्त होते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ४,१३६ उमेदवार होते. त्यांतले २,०८६ अपक्ष. निवडून आले फक्त दोन, जुन्नर आणि चंदगडहून. या दोन हजारांत कळकळीने उभी राहिलेली माणसे नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. पण कळकळ मतपेटीत मोजली जात नाही.

दारात अपक्ष आला तर

मग काय करावे? आमचे सांगणे थोडके आहे, आणि ते घरातील सर्वांनी, विशेषतः भगिनींनी, मनावर घ्यावे.

अपक्ष दारात आला की त्याला हाकलू नये आणि लगेच हारही घालू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे: अर्ज भरण्यापूर्वी तू कुठे होतास? आमच्या पाणीपट्टीच्या मोर्च्यात, कामगारांच्या संपात, अत्याचाराच्या केसमध्ये पोलीस ठाण्याच्या पायरीवर तुला कोणी पाहिले का? तुझ्या अर्जावर दहा सह्या कोणाच्या आहेत? प्रचाराच्या गाडीचे पैसे कोण देतो? आपल्या समाजाचे आणखी किती उमेदवार उभे आहेत, आणि तुम्ही एकत्र का बसला नाहीत? शेजारच्या मोहल्ल्यात, गावातल्या इतर गरीब समाजांत तुला कोण ओळखते? निवडून आलास तर सरकार बनवताना कोणाला पाठिंबा देशील, आणि तो देण्यापूर्वी आम्हांला विचारशील का?

प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील खटले यांचे शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते. ते कोणालाही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ते वाचून दाखवायला सांगावे. खटला आहे म्हणून लगेच नाक मुरडू नये. मोर्च्याचा खटला वेगळा आणि खंडणीचा वेगळा. मुलांना हा फरक समजावून सांगणे हेही शिक्षणच आहे.

या प्रश्नांना जो नीट उत्तरे देईल, त्याला मत देताना 'हा कुठे निवडून येणार' एवढाच विचार करू नये. जो देणार नाही, त्याला तो आपल्या जातीचा, आपल्या गल्लीतला म्हणून मत देऊ नये. एक माणूस, एक मत, एक मूल्य, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले. गिरणी मालकाचे मत आणि सफाई कामगाराचे मत यंत्रात सारखेच मोजले जाते. ते मत साडी, दारू किंवा पाचशेच्या नोटेवर गेले, की आपण आपल्याच हाताने ते मूल्य कमी करतो.

वडगामच्या घरांतून १४ डिसेंबर २०१७ रोजी माणसे मतदानाला निघाली, तेव्हा यंत्रावर पक्षांची ओळखीची नावे वर होती आणि शिलाई मशीन खाली कुठेतरी होते. ते त्यांनी शोधून काढले, कारण ते कोणाचे आहे हे त्यांना ठाऊक होते. आपल्या पुढच्या निवडणुकीत असे एखादे चिन्ह खाली कुठेतरी असेल की नाही, हे आम्ही आज सांगू शकत नाही. ते असावे, त्याच्या मागे एकजूट झालेली वस्ती असावी आणि निकालानंतरही ती वस्ती त्याच्या मागे राहावी, याची तयारी मात्र निवडणूक नसलेल्या वर्षांतच करावी लागेल. संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात दहा माणसे थांबली आणि या प्रश्नांवर बोलू लागली, तरी सुरुवात झाली असे आम्ही समजू. अर्जाला सह्याही दहाच लागतात.

जय भीम.